स्थिर आकार

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या सातवीच्या वर्गात पासष्ट इंची टच पॅनेल बसले, आणि सुट्टी संपून शाळा भरली त्याच्या तिसऱ्या दिवशी थकबाकीपोटी शाळेची वीज तोडली गेली. पॅनेलला घातलेला झेंडूचा हार तोवर पुरता वाळलाही नव्हता. मी तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते. वीज तोडल्याचा फोन मला पतसंस्थेच्या काउंटरवर, समोर खातेदारांची रांग असताना आला. दोन वर्षांच्या त्या अध्यक्षपदात शाळेचा पैसा आणि मुलांच्या हातातला पडदा हे दोन विषय मला वेगवेगळे असे कधी भेटलेच नाहीत, म्हणून दोन्हींविषयी एकत्रच लिहिते आहे.

आमचे गाव सांगली जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, आटपाडी तालुक्यात आहे. माणदेशातला हा कोरडा पट्टा. इथल्या आणि शेजारच्या खानापूर तालुक्यातल्या कित्येक घरांतली पुरुषमंडळी पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामात, केरळ-तमिळनाडूपासून थेट उत्तर हिंदुस्थानापर्यंत पांगलेली आहेत. गावात उरतात त्या बायका, म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले. गावाची देवळे, कमानी, शाळेच्या खोल्या यांच्यावर ज्या देणगीदारांच्या पाट्या दिसतात, त्यांतल्या बऱ्याच गलाईवाल्यांच्या असतात.

मी अध्यक्ष झाले त्यात माझ्या कर्तृत्वाचा भाग फार थोडा होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. पंधरा ऑगस्टचे झेंडावंदन झाल्यावर भरलेल्या पालकसभेत आधीचे अध्यक्ष म्हणाले, “वहिनी बँकेत हायत, त्यांनाच करा. सह्या करायला बऱ्या पडतील.” पतसंस्था ही बँक नव्हे, हे सांगायला मी उभी राहिले, तोच सूचक आणि अनुमोदक यांची नावे लिहून झाली होती. माझी मुलगी तेव्हा पाचवीत होती.

सह्या करायच्या तर कशावर करतो ते वाचून करावे, एवढी सवय काउंटरने लावलेली आहे. पहिल्या महिन्यात मी मुख्याध्यापक गुरुजींकडून जमाखर्चाची कीर्दवही, पावत्यांची फाइल आणि डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, घरी नेण्याची परवानगी मागितली. गुरुजी जरा चपापले, पण त्यांनी दिली. नंतर त्यांनीच सांगितले, की एकवीस वर्षांच्या नोकरीत कीर्दवही मागणारी पालक त्यांना पहिल्यांदाच भेटली होती.

वह्या वाचल्यावर मला जे कळले ते असे. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाला जे संयुक्त शाळा अनुदान मिळते ते पटावर ठरते. तीस मुलांपर्यंत १०,००० रुपये, त्यापुढे शंभरपर्यंत २५,०००, शंभराच्या वर अडीचशेपर्यंत ५०,००० अशा त्याच्या पायऱ्या आहेत. आमचा पट आदल्या वर्षी १०३ होता, तो त्या वर्षी ९४ झाला. नऊ मुले कमी झाली आणि अनुदान निम्मे झाले. छपराचे पत्रे, नळाच्या तोट्या, खडू, हजेऱ्या, विजेचा मीटर यांतले काहीही नऊ मुलांनी घटलेले नव्हते. मिळणाऱ्या २५,००० मधले किमान दहा टक्के स्वच्छतेच्या कामांवर खर्चायचे असतात. उरलेल्या साडेबावीस हजारांत वीज, इंटरनेट, दुरुस्ती, शैक्षणिक साहित्य, प्रथमोपचार पेटी, राष्ट्रीय सणांचा खर्च आणि मोडलेली कुलपे असे सगळे बसवायचे. बरे, ही रक्कमही एकदम येत नाही. आमच्याकडे अर्धी दिवाळीच्या आगेमागे आली आणि उरलेली अर्धी केव्हा येईल, हे तालुक्याच्या कार्यालयातही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते.

ती नऊ मुले कुठे गेली, हेही मी गुरुजींबरोबर बसून दाखल्यांच्या रजिस्टरमधून काढले. चार मुले आईसह वडिलांच्या धंद्याच्या गावी गेली होती. पाच मुले गावातच राहत होती, पण पहाटे साडेसहाला कमानीपाशी येणाऱ्या पिवळ्या व्हॅनमधून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जात होती. त्या शाळेच्या जाहिरातीच्या फलकावर एका गोऱ्या मुलीच्या हातात टॅब दाखवलेला होता. आमच्या गावात पॅनेलची भूक लागली ती या फलकामुळे, असे माझे मत आहे. पाच मुले व्हॅनने गेली नसती तर पट ९९ झाला असता आणि तरीही अनुदान तेवढेच राहिले असते, पण हे गणित सभेत सांगून उपयोग नव्हता. लोकांना त्या व्हॅनचा हॉर्न रोज पहाटे ऐकू येत होता.

दिवाळीला गावी आलेल्या एका गलाई व्यावसायिकांनी, ज्यांना गावात सगळे शेठ म्हणतात आणि जे नात्याने माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ लागतात, समितीच्या बैठकीत पॅनेल द्यायची तयारी दाखवली. किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. गुरुजींनी एवढेच सुचवले, की २०१६ साली डिजिटल शाळांची लाट आली होती तेव्हा लोकवर्गणीतून घेतलेला प्रोजेक्टर कपाटात पडून आहे, त्याचाही विचार व्हावा. प्रोजेक्टर बाहेर काढला. तो एका जुन्या साडीत गुंडाळलेला होता आणि साडीला उंदरांनी भोके पाडली होती. प्रोजेक्टरचा दिवा गेल्यावर नवा बसवायला जो खर्च आला असता, तेवढे पैसे त्या वर्षी शिल्लक नव्हते, आणि पुढच्या वर्षी दिव्याची कोणाला आठवण राहिली नाही. रजिस्टरमध्ये त्याच्यापुढे अजून “चालू स्थितीत” असे लिहिलेले होते.

शेठ म्हणाले, “जुनं काढू नका आता. तिकडं सोलापूरच्या परितेवाडीत बघा, गुरुजींनी जगात नाव काढलं.” परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० चे ग्लोबल टीचर प्राइज मिळाले, ही गोष्ट आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहे. यावर आमचे गुरुजी हळूच म्हणाले, की डिसले गुरुजींचे नाव झाले ते पुस्तकाच्या पानावर छापलेल्या क्यूआर कोडमुळे, आणि कागदावरच्या कोडला वीज लागत नाही. ते वाक्य शेठच्या कानांपर्यंत पोहोचले नाही. माझ्या कानांवर पडले, आणि तरीही मी गप्प बसले. पॅनेल घेतल्यावर त्याच्या मागे दर वर्षी किती खर्च येईल आणि तो कोण करील, हा प्रश्न विचारणे माझे काम होते. डोक्यावर पदर घेऊन जिथे बसावे लागते अशा नात्यातल्या माणसाला तो विचारणे मला जमले नाही. ठराव एकमताने झाला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी फीत कापली, मुले सुट्टी असूनही गणवेशात आली, आणि पडद्यावर फिरणारी पृथ्वी पाहून पहिलीतली एक मुलगी आईच्या मागे लपली.

वीज तुटली तेव्हा गावभर असे झाले की पॅनेलने वीज खाल्ली. ते साफ खोटे होते, कारण पॅनेल पुरते चार तासही चाललेले नव्हते. मी चौदा महिन्यांची बिले एका ओळीत मांडली. बिलावर वीज आकार असतो, वहन आकार असतो, आणि सर्वांत वर स्थिर आकार असतो. तो आमच्या मीटरला महिन्याला चारशेच्या आसपास पडत होता. मे महिन्यात शाळा बंद असताना सहा युनिट जळाले होते आणि तरी बिल पाचशेच्या घरात गेले होते. दिवा लावा अगर लावू नका, पंखा फिरो अगर न फिरो, ही रक्कम दर महिन्याला लागतेच. त्यावर न भरलेल्या बिलाचे व्याज, आणि त्या व्याजासह पुढचे बिल. अशा रीतीने थकबाकी सोळा हजारांच्या वर गेली होती. आदल्या वर्षी अनुदानाचा दुसरा हप्ता आला नव्हता आणि आधीच्या समितीने बिलापेक्षा गळके छप्पर आधी धरले होते. पावसाळ्यात मुलांच्या डोक्यावर पाणी पडत असताना मीही तेच केले असते.

आमची खरी चूक वेगळीच होती. विद्युत अधिनियम २००३ च्या छप्पन्नाव्या कलमाप्रमाणे वीज तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती आम्हाला रीतसर मिळालेली होती. सुट्टी लागण्याच्या दिवशी ती कोणीतरी घेतली आणि टपालाच्या फाइलीत लावली, आणि फाइलीला कुलूप लागले. फीत कापण्याचा कार्यक्रम ज्या खोलीत झाला, तिच्या शेजारच्या कपाटात ती नोटीस होती.

मग मी पॅनेलच्या मागे चिकटवलेली पट्टी वाचली. १८० वॅट. रोज चार तास चालवले तरी पाऊण युनिटाच्या आत, महिन्याच्या बावीस दिवसांत सोळा युनिट, म्हणजे सव्वाशे रुपयांच्या आतबाहेर. पॅनेलची वीज आम्हाला परवडत होती. परवडत नव्हते ते त्याच्यासाठी लागणारे इंटरनेट, महिना पाचशे रुपयांप्रमाणे वर्षाला सहा हजार, आणि दुपारी वीज जाते तेव्हा लागणारा इन्व्हर्टर. विजेचे तेरा-चौदा हजार आणि इंटरनेटचे सहा हजार बाजूला काढले की साडेबावीस हजारांतून अडीच ते साडेतीन हजार उरत होते, आणि त्यात सात वर्गांचे सगळे वर्ष काढायचे होते.

शेठना फोन केला तेव्हा ते कोइमतूरला परत पोहोचले होते. पॅनेल चालू असल्याचा व्हिडिओ त्यांना तिथल्या मंडळींना दाखवायचा होता आणि ते त्याचीच वाट पाहत होते. मी परिस्थिती सांगितली. क्षणभर थांबून ते म्हणाले, “सूनबाई, वस्तू मी दिली. आता बिलंबी मीच भरायची का?” ते रागाने बोलले नव्हते. मला उत्तर सुचले नाही, कारण तो प्रश्न ठराव करण्याआधी मी विचारायला हवा होता.

डिसेंबर आणि जानेवारी हे दोन्ही महिने शाळा विजेवाचून चालली. हिवाळा असल्याने पंख्यांवाचून अडले नाही. मात्र बोअरची मोटर बंद पडल्याने पोषण आहाराचे पाणी शेजारच्या वस्तीवरून आणावे लागले, आणि मुलांची जी काही माहिती ऑनलाइन भरायची असते, ती गुरुजी पूर्वीप्रमाणेच स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या रिचार्जवर भरत राहिले. शाळेच्या तंत्रज्ञानाचा सगळ्यात मोठा खर्च शिक्षकांच्या खिशातून होतो आणि तो कुठल्याच कीर्दीत येत नाही, हे मला त्या दोन महिन्यांत दिसले.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी विषय मांडायचे ठरवले. ग्रामपंचायतीला तेव्हा पंधराव्या वित्त आयोगाचा जो निधी मिळत असे त्यातला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेशी बांधलेला होता, उरलेला चाळीस टक्के अबंधित होता. पगार आणि आस्थापना सोडून गावाच्या गरजेच्या कामांना तो वापरता येत असे. हे मी वाचून गेले होते, पण सभेत ग्रामसेवक भाऊसाहेबांनी शांतपणे सांगितले, की गावाच्या विकास आराखड्यात जे काम नाही त्याला ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर पैसे पडत नाहीत. म्हणजे चालू वर्षाचा मार्ग बंद होता. पुढच्या वर्षाचा आराखडा मात्र अजून अपलोड व्हायचा होता, आणि ही माहितीही त्यांनीच दिली. त्यांनी ती दिली नसती तर मी भाषण करून घरी आले असते.

सभेत एक जण म्हणाले, की शाळा जिल्हा परिषदेची आहे, मग बिलही जिल्हा परिषदेने भरावे. दुसऱ्यांनी विचारले, की ज्यांची मुले व्हॅनने जातात त्यांच्या घरपट्टीतून हे बिल का भरायचे. या दुसऱ्या प्रश्नावर सभेत बराच गोंधळ झाला. तो मिटवला एका आजीने, जिची तिन्ही नातवंडे व्हॅनने जातात. ती म्हणाली, “मतदानाला कुठं जातासा? त्याच शाळंत ना? मग लावा की दिवा.” ठराव झाला. थकबाकी निम्मी ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून आणि निम्मी लोकवर्गणीतून भरायची, आणि पुढील वर्षापासून शाळेचे बिल आराखड्यात धरायचे. लोकवर्गणीत शेठनी पाच हजार पाठवले. त्यांनी पावती मागितली आणि ती मिळाल्यावर व्हिडिओची आठवण केली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वीज आली.

पॅनेल सुरू झाले आणि महिन्याभरात समितीपुढे मोबाइलचा विषय आला. सातवीतल्या एका मुलाने शाळेत लपवून आणलेल्या मोबाइलवर परिपाठाच्या वेळी एका अडखळत बोलणाऱ्या मुलाचे चित्रण केले आणि त्याला गाणे जोडून संध्याकाळी ते स्टेटसला ठेवले. ज्याचे चित्रण झाले त्या मुलाची आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली ती ओरडायला नव्हे. ती व्हरांड्यात खाली बसली आणि तिने विचारले, की हे आता किती मोबाइलमध्ये गेले असेल. गुरुजींनी, मी, कोणीच त्याचे उत्तर देऊ शकलो नाही. तो मुलगा पुढचे आठ दिवस शाळेत आला नाही.

मासिक बैठकीला त्या दिवशी सभासद नसलेले लोकही जमले. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने २०२२ साली अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला होता, तसाच आपणही करावा, असे एका माजी सैनिक आजोबांचे म्हणणे होते. दुसऱ्या एका सभासदाने आमच्याच जिल्ह्यातल्या, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचे उदाहरण काढले. तिथे त्याच वर्षापासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवून मुले अभ्यासाला बसतात. भोंग्याची कल्पना मला स्वतःला आवडली होती, कारण ती मुलांइतकीच मोठ्यांनाही लागू होते. पण आमच्या गावात ती अडली, आणि का अडली ते सांगितले पाहिजे.

दुकान बंद झाल्यावर गलाईवाले बाप घरी फोन करतात ती वेळ साधारण सात ते नऊच आहे. कित्येक मुलांना वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि जत्रेला, बाप समोर दिसतो. एरवी तो त्या पडद्यातच भेटतो. एक बाई उठून म्हणाल्या, “त्या वक्ताला बंद केलं तर पोराला बाप कवा दिसायचा?” त्यानंतर भोंग्याचा विषय कोणी काढला नाही.

त्याच बैठकीत एका आईने जे सांगितले त्याने चर्चेची दिशाच बदलली. शाळेतला अभ्यास व्हॉट्सअॅप गटावर येतो, म्हणून मुलाला मोबाइल द्यावा लागतो, आणि एकदा हातात गेला की तो परत मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ही पद्धत नाइलाजाने सुरू झाली होती. शाळा केव्हाच उघडल्या, तरी ती मात्र तशीच राहून गेली होती. मुलांच्या हातातला मोबाइल काढून घ्यावा म्हणणारे आम्ही, आणि रोज संध्याकाळी तो त्यांच्या हातात देण्याचे कारण पुरवणारी आमचीच शाळा. शिक्षकांनी वर्गवार चौकशी केली तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. निम्म्याहून कमी घरांत अभ्यासाच्या वेळी मोबाइल प्रत्यक्ष घरात असतो. उरलेल्या घरांत तो एक तर बापाबरोबर परगावी असतो, किंवा डाळिंबाच्या बागेत कामाला गेलेल्या आईच्या कमरेला.

ठरावाचा मसुदा मी लिहिला आणि त्यावर तीन बैठका झाल्या. अभ्यास वहीतच द्यायचा, व्हॉट्सअॅपवर फक्त सूचना आणि सुट्टीची खबर, हे पहिल्या बैठकीत ठरले. त्यावर एका तरुण शिक्षकांनी नाराजी दाखवली, कारण ते खरोखरच चांगले व्हिडिओ निवडून पाठवत असत. त्यांना ते पॅनेलवर वर्गातच दाखवावेत अशी विनंती केली आणि त्यासाठी दर वर्गाला आठवड्यातून दोन तासिका राखून दिल्या. विद्यार्थ्याने मोबाइल शाळेत आणायचा नाही. दूरच्या वस्तीवरून येणाऱ्या एखाद्या मुलाला अडचणीपोटी आणावाच लागला, तर तो बंद करून सकाळी कार्यालयात ठेवायचा आणि सुटल्यावर न्यायचा. सापडलेला मोबाइल पालकाच्या हातात द्यायचा. तो ठेवून घ्यायचा नाही आणि दंडही करायचा नाही. दंड लावावा असा बऱ्याच जणांचा आग्रह होता. ज्या आईने रोजावर जाऊन मोबाइलचे हप्ते फेडले तिलाच दंड भरायला लावण्यात मला अर्थ दिसला नाही, आणि ते मी ठरावाबाहेरही अनेकदा बोलले.

सर्वांत जास्त वाद झाला तो मुलांच्या फोटोंवरून, आणि तो विषय कोणाच्या अपेक्षेतला नव्हता. अडखळत बोलणाऱ्या मुलाच्या आईने विचारले, की माझ्या पोराचा व्हिडिओ पोरांनी टाकला तर गुन्हा, मग शाळा रोज पोरांचे फोटो गटावर टाकते ते कसे चालते? पोषण आहाराच्या ताटासमोर बसवून, गणवेश वाटताना, पॅनेलपुढे उभे करून काढलेले फोटो गावातल्या चारपाच गटांवर आणि देणगीदारांकडे जात असत. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षित आहे, हे मी सांगितले. त्याचे नियम तेव्हा झालेले नव्हते, पण त्या आईच्या प्रश्नाला कायद्याची वाट पाहण्याची गरजही नव्हती. शेवटी असे ठरले, की वरिष्ठ कार्यालयाने मागितलेला फोटो तेवढाच द्यायचा, बाकी कोणत्याही गटावर मुलांचे चेहरे ओळखू येतील असे फोटो टाकायचे नाहीत, आणि देणगीदाराला वस्तूचा फोटो पाठवायचा. शेठचा व्हिडिओ अशा रीतीने पॅनेलचाच गेला. त्यात मुले पाठमोरी होती. ते काही बोलले नाहीत, पण त्यांना आवडले नसावे.

अनुदानाचा दुसरा हप्ता आला तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. सोमवारी २५ तारखेला धुळवड आणि शुक्रवारी २९ ला गुड फ्रायडे, अशा आठवड्यात साडेबारा हजारांपर्यंत खर्च करण्याची मर्यादा आमच्या खात्यावर दिसू लागली, आणि ३१ मार्चपर्यंत खर्च न झालेली रक्कम परत जाणार होती. हल्ली समितीच्या हातात चेकबुक नसते. गुरुजींनी संगणकावर रक्कम भरायची, मी माझ्या लॉगिनने मंजूर करायची, मग जो आदेश छापून निघतो त्यावर दोघांच्या सह्या करून तो बँकेत न्यायचा. इन्व्हर्टरची तीन दरपत्रके आम्ही फेब्रुवारीतच आणून ठेवली होती, ती या वेळी कामाला आली. मंगळवारी माझा पासवर्ड चालेना. बुधवारी चालला, पण छापलेल्या कागदावरची माझी सही बँकेतल्या नमुन्याशी जुळेना. मी पतसंस्थेत लोकांच्या सह्या याच कारणाने परत करते, त्यामुळे खिडकीपलीकडच्या माणसाशी भांडताही येईना. नवा कागद, नवी सही, अर्ध्या दिवसाची रजा. गुरुवारी दुपारी पैसे दुकानदाराला पोहोचले. इन्व्हर्टर आणि बॅटरी मिळून रक्कम साडेबारा हजारांत बसत नव्हती, म्हणून त्या हप्त्यातून फक्त बॅटरी घेतली. इन्व्हर्टर जूनमध्ये, माजी विद्यार्थ्यांनी गोळा केलेल्या पैशांतून आला. ते अडीच महिने बॅटरी गुरुजींच्या टेबलाखाली होती आणि ते पाय बाजूला घेऊन बसत होते.

पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीने बिल भरले, पण दर महिन्याला आपोआप नव्हे. बिल आले की त्याची छायाप्रत ग्रामपंचायतीत द्यायची, पोहोच घ्यायची, दहा दिवसांनी चौकशी करायची, असा माझा क्रमच ठरून गेला. दोनदा मुदत चुकली, व्याज लागले, ते आम्ही वर्गणीतून भरले. बिलांची वेगळी फाइल केली आणि ती कपाटात न ठेवता गुरुजींच्या खुर्चीमागे खिळ्याला अडकवली. पॅनेल आजही चालते. एका कोपऱ्यात स्पर्श कळत नाही, म्हणून मुले उत्तर निवडताना त्या बाजूचा पर्याय काठीने दोनदा टोचतात. मोबाइल शाळेत सापडण्याचे प्रकार थांबले असे मी म्हणणार नाही. त्या वर्षी दोनदा सापडला, दोन्ही वेळा आई येऊन घेऊन गेली. अभ्यास वहीत देण्याचा नियम मात्र पाळला गेला. ज्या मुलाचे चित्रण झाले होते तो परीक्षेला आला, आठवीला तालुक्याच्या हायस्कुलात गेला, आणि परिपाठात पुन्हा कधी बोलला नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये माझी मुदत संपली. नवे अध्यक्ष ट्रॅक्टर चालवतात, त्यांची दोन मुले शाळेत आहेत. मी त्यांच्यापुढे कीर्दवही, डेडस्टॉक रजिस्टर (प्रोजेक्टरपुढचा “चालू” शेरा दुरुस्त करून), ठरावांची वही आणि पॅनेलच्या कपाटाची किल्ली ठेवली. खिळ्यावरची बिलांची फाइलही काढून दिली. त्यांनी सर्वांत वरचे बिल उलटसुलट पाहिले, बोट ठेवले आणि विचारले, “ताई, मे महिन्यात शाळा बंद होती. मग हे चारशे कशाचे?” मी खुर्ची ओढून घेतली आणि त्यांना बिल वाचायला शिकवू लागले.